काबूलचीं कापलेलीं पत्रें

मुंबईस कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे उंच मनोऱ्याचें एक चर्च आहे. तें सेंट जॉन याच्या नांवानें बांधलेलें असलें तरी मुंबईकर त्यास 'अफगाण चर्च' असेंच म्हणत आले आहेत. सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत जे शिपाई व अंमलदार पडले त्यांच्या स्मरणार्थ तें उभारलें गेलें आणि १८५८ सालीं प्रार्थनेसाठीं खुलें झालें. आंत भिंतींवर मृत अंमलदारांचीं नांवें आहेत. हीं माणसें कर्तव्य करीत असतां पडलीं, एवढें तो दगड सांगतो. तीं कोणत्या कारणासाठीं पडलीं हें सांगणें दगडाचें काम नव्हे. तें काम सरकारी कागदांचें. आणि या प्रकरणांत त्या कागदांनींच वीस वर्षें खोटी साक्ष दिली.

ही कथा पहिल्या अफगाण युद्धाची. १८३७ सालीं कलकत्त्याच्या सरकारास रशियाची धास्ती पडली होती. इराणचा शहा रशियन अंमलदारांच्या चिथावणीनें हेरात शहरास वेढा देण्यास निघाला होता. आणि हेरात गेलें म्हणजे सिंधूपर्यंतचा रस्ता मोकळा झाला, असें इंग्रज मुत्सद्दी नकाशावर बोट ठेवून एकमेकांस सांगत. नकाशा लहान असला म्हणजे मधले डोंगर, वाळवंट आणि माणसें दिसत नाहींत, हें त्यांच्यापैकीं थोड्यांच्याच लक्षांत आलें. काबुलास त्या वेळीं दोस्त महंमद खान राज्य करीत होता. तो स्वतःच्या मनगटाच्या जोरावर वर आलेला, करडा पण न्यायी म्हणून नांवाजलेला पुरुष होता. त्याच्या मनांत एकच शल्य होतें. पेशावर शहर रणजितसिंह महाराजांनीं १८३४ मध्यें आपल्या राज्यास जोडलें होतें. तें परत मिळावें, निदान त्याबद्दल इंग्रजांनीं दोन शब्द बोलावे, अशी त्याची इच्छा. परंतु रणजितसिंह इंग्रजांचे स्नेही, आणि त्यांस दुखविण्याची गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑक्लंड याची तयारी नव्हती. म्हणून 'व्यापाराचें बोलणें' असें सौम्य नांव देऊन एक वकील काबुलास पाठविण्यांत आला.

हा वकील म्हणजे अलेक्झांडर बर्न्स. स्कॉटलंडमधील माँट्रोझ गांवीं १८०५ सालीं जन्मलेला हा मुलगा सोळाव्या वर्षीं मुंबईच्या लष्करांत दाखल झाला. हिंदुस्थानी व फारसी या भाषा त्यानें लवकर आत्मसात् केल्या, कच्छमध्यें कांहीं वर्षें काढलीं, आणि १८३२ सालीं काबुलावरून थेट बुखाऱ्यापर्यंत प्रवास केला. त्या प्रवासाचें पुस्तक १८३४ मध्यें निघालें आणि एका लहान अंमलदाराचें नांव लंडनांत सर्वतोमुखीं झालें. हुशार, उतावळा, बोलका आणि मानाची फार हौस असलेला असा हा माणूस होता. परंतु दोस्त महंमद कोण आहे आणि काबूल काय आहे हें त्याच्याइतक्या जवळून पाहिलेले इंग्रज अधिकारी त्या वेळीं फार थोडे होते.

२० सप्टेंबर १८३७ रोजीं तो काबुलांत पोहोंचला. दोस्त महंमदानें त्याचें मोठ्या सन्मानानें स्वागत केलें. डिसेंबरांत विट्केविच नांवाचा एक रशियन अंमलदार झारच्या बाजूनें बोलणें घेऊन आला, तेव्हां त्याला जवळ करण्यापूर्वीं अमीरानें त्यानें आणलेलीं पत्रें बर्न्सपुढें ठेवलीं आणि याचें काय करावें असें विचारलें. इंग्रजांचा स्नेह मिळत असेल तर रशियन नको, हें याहून स्पष्ट शब्दांत सांगणें कठीण. बर्न्सनें तसें कळविलें, एकदां नव्हे, पुन्हां पुन्हां कळविलें. उत्तर आलें तें असें की, पेशावरची आशा सोडा, रशियनास हांकलून द्या, दुसऱ्या कोणाशीं बोलणें करूं नका, आणि या सर्वांच्या मोबदल्यांत इंग्रजांकडून बहुधा कांहींच मिळणार नाहीं. असें उत्तर हातीं घेऊन कोणत्या वकिलानें काय साधावें? २६ एप्रिल १८३८ रोजीं बर्न्स काबूल सोडून निघाला.

परत येतांना हसन अब्दालच्या मुक्कामावरून २ जून रोजीं त्यानें सरकारचा सेक्रेटरी विल्यम मॅक्नॉटन यास एक पत्र लिहिलें. दोस्त महंमदाशींच जुळवून घेतां येतें कीं नाहीं याचा फेरविचार व्हावा, तो निःसंशय कर्तबगार आहे, इतरांसाठीं सरकार जें करूं पाहतें त्याच्या निम्में त्याच्यासाठीं केलें तर तो उद्यां इराण व रशिया यांस सोडील, असें त्या पत्राचें सार होतें. मात्र त्याच पत्रांत त्यानें एक पुस्तीही जोडली. सरकारचा बेत ठरलाच असेल आणि शाह शुजास गादीवर बसवावयाचें असेल, तर तेंही फारसें अवघड नाहीं, असें तो म्हणाला. येथें बर्न्सचा पाय घसरला. वरिष्ठांस काय ऐकावयाचें आहे हें ताडून सत्याच्या शेजारीं सोयीचें एक वाक्य ठेवून देण्याचा मोह त्याला आंवरला नाहीं, आणि वरिष्ठांनीं तेवढेंच वाक्य उचललें.

शाह शुजा हा अफगाणांचा पूर्वीं पदच्युत झालेला राजा. तो कितीतरी वर्षें लुधियान्यास कंपनीची तैनात खात राहिला होता. त्यानें गादी मिळविण्याचे प्रयत्न केले होते आणि ते फसलेही होते. तरीसुद्धां सिमल्याच्या थंड हवेंत ऑक्लंड, मॅक्नॉटन आणि त्यांचे दोन-चार सल्लागार यांनीं ठरविलें कीं, काबूलची प्रजा याच राजाची वाट पाहात आहे. १ ऑक्टोबर १८३८ रोजीं सिमल्याहून जाहीरनामा निघाला. दोस्त महंमदानें रणजितसिंहांवर विनाकारण हल्ला केला, तो इराणच्या कारस्थानांत सामील आहे, शाह शुजा लोकप्रिय आहे, तो आपल्याच फौजेनिशीं आपल्या देशांत प्रवेश करील, इंग्रजी सैन्य केवळ त्याच्या पाठीशीं राहील आणि त्याचें आसन स्थिर होतांच परत येईल, अशीं विधानें त्यांत होतीं. पेशावर कोणीं कोणापासून घेतलें याचा उल्लेख अर्थातच नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हा जाहीरनामा निघण्यापूर्वींच, ९ सप्टेंबर रोजीं, इराणच्या शहानें हेरातचा वेढा उठविला होता. मुंबईहून इराणी आखातांत खार्ग बेटावर एक लहानसें आरमार गेलें होतें. त्याची दहशत आणि हेरातच्या लोकांचा चिवटपणा यांनीं तें काम झालें. सिमल्यास ही वार्ता पोहोंचली तेव्हां सैन्य अद्याप हिंदुस्थानांतच होतें. ज्या कारणासाठीं युद्ध करावयाचें तें कारण उरलें नव्हतें. तथापि ८ नोव्हेंबरला पुन्हां हुकूम निघाला कीं, वेढा उठला असला तरी मोहीम व्हावयाचीच. फौजा जमविल्या होत्या, उंट खरेदी झाले होते, शाह शुजास वचन दिलें होतें. गाडा एकदां उतारास लागला म्हणजे त्यापुढें उभें राहण्याचें धैर्य लागतें, आणि तें ऑक्लंडपाशीं नव्हतें.

तें धैर्य इतर कांहीं जणांपाशीं होतें, पण खाजगी पत्रांपुरतें. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन हें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं. पेशवाई बुडविणारा आणि पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेला हाच तो गृहस्थ. १८०९ सालीं तो वकील म्हणून पेशावरास गेला होता आणि याच शाह शुजास भरदरबारांत भेटला होता. म्हणजे या प्रकरणांत त्याच्याइतका जाणता दुसरा कोणी नव्हता. त्यानें खुद्द बर्न्सला लिहिलें कीं, बोलन खिंडींतून सैन्य नेलें आणि त्याला खावयास घालतां आलें तर कंदहार व काबूल मिळेल, शाह शुजा गादीवर बसेल, यांत शंका नाहीं. पण त्या दरिद्री, थंड आणि दूरच्या देशांत तसल्या दांडग्या लोकांवर त्याला टिकवून धरणें अशक्य दिसतें. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा अभिप्राय असा होता कीं, लष्करी यश जेथें संपेल तेथून खऱ्या अडचणी सुरू होतील. मेटकाफ व बेंटिंक या अनुभवी प्रशासकांचें मतही प्रतिकूलच होतें. हीं सर्व मतें पुढें अक्षरशः खरीं ठरलीं. पण तीं होतीं व्यक्तींचीं; सरकारचें मत छापील होतें.

तें छापील कसें झालें, हा या कथेचा गाभा आहे. इंग्लंडांत पार्लमेंटपुढें एखाद्या प्रकरणाचे कागद ठेवावयाचे तर ते निळ्या वेष्टणांत छापून सभासदांस वांटण्याची रीत होती. १८३९ सालीं मेलबर्नच्या मंत्रिमंडळानें अफगाण प्रकरणाचे असे कागद सादर केले. त्यांत काबूलहून आलेलीं बर्न्सचीं पत्रें होतीं, पण तीं जशीं आलीं तशीं नव्हतीं. कोठें एखादें वाक्य, कोठें परिच्छेदच्या परिच्छेद गाळलेला होता. आणि गाळलेला मजकूर नेमका दोस्त महंमदाच्या अनुकूल असलेला. त्याची इंग्रजांविषयींची ओढ, रशियन वकिलास त्यानें प्रथम दाखविलेला थंडपणा, त्याच्याशीं सख्य करण्याची बर्न्सची शिफारस, हें सारें कात्रीखालीं गेलें. राहिलेला मजकूर वाचून कोणासही वाटावें कीं, प्रत्यक्ष जागेवर असलेल्या अधिकाऱ्यानेंच अमीराविरुद्ध कौल दिला आणि बिचाऱ्या सरकारनें त्याचा सल्ला मानला. खोटें लिहिण्यापेक्षां ही युक्ति अधिक सफाईची. यांत एकही शब्द बनावट घालावा लागत नाहीं.

बर्न्सनें हे छापील कागद पाहिले तेव्हां तो संतापला. ही निव्वळ लबाडी आहे, असें तो आपल्या मित्रांस लिहीत व बोलत असे. परंतु त्यापूर्वींच त्यास सर हा किताब व लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा मिळाला होता, आणि मॅक्नॉटन गेल्यावर काबूलची वकिलात आपल्याकडे येईल अशी आशा होती. त्यानें राजीनामा दिला नाहीं. आपलें नांव खोट्या साक्षीस वापरलें गेलें हें जाहीरपणें सांगण्याची वेळ त्यानें पुढें ढकलली, आणि ती वेळ पुन्हां आली नाहीं.

कंपनी सरकारच्या कागदांचा हा अनुभव केवळ काबुलापुरताच होता असेंही नाहीं. त्याच १८३९ सालच्या सप्टेंबरांत, इंग्रजी फौजा काबुलांत विसावल्या होत्या तेव्हां, साताऱ्यास छत्रपति प्रतापसिंह महाराजांस कटाच्या आरोपावरून गादीवरून दूर करून काशीस पाठविण्यांत आलें. आणि तो पुरावा खोटा आहे हें दाखवून देण्यासाठीं त्यांचे वकील रंगो बापूजी यांनीं लंडनांत वर्षामागून वर्षें काढलीं. तें प्रकरण स्वतंत्र आहे. असो.

मोहिमेचा आरंभ मात्र थाटाचा झाला. बंगालची फौज फिरोजपुराहून निघाली, मुंबईची सिंधूच्या मुखाशीं उतरली. तींत पुणें ऑक्झिलियरी हॉर्स हें रिसाल्याचें पथकही होतें. कंदहार न लढतां मिळालें, २३ जुलै १८३९ रोजीं गझनीचा दरवाजा सुरुंगानें उडविला, आणि ७ ऑगस्टला शाह शुजा काबुलांत शिरला. रस्त्यांत लोक उभे होते. पण जयघोष नव्हता. ज्याची प्रजा वाट पाहात होती म्हणून सांगितलें त्याचें स्वागत असें मुकाट्यानें झालें. जाहीरनाम्यांतील वचनाप्रमाणें आतां सैन्य परत फिरावयाचें होतें. मुंबईची फौज बहुतेक परत निघाली, पण बंगालच्या फौजेचा मोठा भाग राहिला, कारण ती गेली असती तर शाह शुजा दुसऱ्या दिवशीं तिच्या मागोमाग निघाला असता हें सर्वांस कळत होतें. मग बायकामुलें आलीं, बंगले झाले, बागा झाल्या, घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या.

यानंतरच्या दोन वर्षांत मॅक्नॉटनचे खलिते कलकत्त्यास जात राहिले, आणि त्यांत बहुधा सर्वत्र स्वस्थता असे. या खलित्यांस केवळ लबाडी म्हणणें कदाचित् अन्यायाचें होईल. ज्या मनुष्यानें एका खोट्या विधानावर आपली सारी कीर्ति उभारली, त्याला पुढें तेंच विधान खरें दिसूं लागतें. तो दुसऱ्यांस फसवितो त्यापूर्वीं स्वतः फसलेला असतो. नोव्हेंबर १८४० मध्यें दोस्त महंमदानें आपण होऊन शरणागति पत्करली व त्याला हिंदुस्थानांत आणून ठेवलें, तेव्हां तर सारें संपलें असेंच वाटलें. १८४१ मध्यें मॅक्नॉटनला बढती मिळाली. तो मुंबईचा गव्हर्नर व्हावयाचा होता. सामानाची बांधाबांध सुरू झाली. इतक्यांत खर्च कमी करा असा वरून तगादा आला. खिंडींच्या वाटा मोकळ्या ठेवण्याबद्दल गिलजाई सरदारांस जी रक्कम मिळे ती निम्म्यानें कापण्यांत आली. बचत झाली चाळीस हजार रुपयांची. ऑक्टोबरांत खिंडी बंद झाल्या.

बर्न्सचा मुनशी मोहनलाल हा काश्मिरी पंडित, दिल्लीस इंग्रजी शिकलेला. शहरांत कट शिजत आहे असा इशारा त्यानें बर्न्सला दिला होता. बर्न्स कोटांत न राहतां शहराच्या मध्यावर राहात होता, आणि इशारा ऐकूनही तो हलला नाहीं. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं सकाळीं जमावानें त्याच्या वाड्यास वेढा घालून आग लावली. बर्न्स, त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स व पहाऱ्यावरचे शिपाई मारले गेले. छावणी तेथून फार लांब नव्हती. परंतु सेनापति जनरल एलफिन्स्टन वृद्ध व आजारी होता, काय करावें याचा विचार चालला होता, आणि तो विचार संपण्यापूर्वीं प्रकरण संपलें.

युद्ध संपविण्याचा पहिला प्रयत्न याच वेळीं झाला. डिसेंबरांत मॅक्नॉटननें अफगाण सरदारांशीं तह केला. सैन्य परत जाईल, दोस्त महंमद परत येईल, असें ठरलें. येथवर तें नामुष्कीचें पण सरळ होतें. पण शाई वाळली नाहीं तोंच त्यानें दोस्त महंमदाचा मुलगा अकबर खान याच्याशीं गुप्त बोलणें सुरू केलें, इतर सरदारांस बाजूस सारून शाह शुजा व इंग्रज यांस कांहीं महिने राहूं द्यावें म्हणून. अकबर खानानें तें बोलणें सरदारांस दाखविलें. हा साहेब आपणां सर्वांस एकाच वेळीं विकावयास निघाला आहे, हें त्यांस कागदावर दिसलें. २३ डिसेंबरच्या भेटींत मॅक्नॉटन ठार झाला. मुंबई ज्या गव्हर्नराची वाट पाहात होती तो तेथें कधींच पोहोंचला नाहीं.

६ जानेवारी १८४२ रोजीं सैन्यानें काबूल सोडलें. लढणारे सुमारें ४,५०० आणि त्यांच्याबरोबर १२,००० बाजारबुणगे, बायका, मुलें. गोऱ्यांची संख्या यांत हजाराच्या आंतच होती. बाकीचे सारे हिंदुस्थानी. गुडघाभर बर्फ, उघड्या माळावर रात्री, खिंडींच्या दोन्ही कड्यांवरून गोळीबार. अयोध्येच्या सखल मुलखांत वाढलेले शिपाई बोटें गळालेल्या हातांनीं बंदूक कशी धरणार? १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरून पहारेकऱ्यांस घोड्यावर पेंगुळलेला एक डॉक्टर येतांना दिसला. त्याच्या चित्रानें पुढें इंग्लंडचे दिवाणखाने भरले. मागें राहिलेल्या शिपायांपैकीं कित्येक गुलाम म्हणून विकले गेले, कित्येक काबूलच्या रस्त्यावर लुळ्या हातापायांनीं भीक मागत राहिले. त्यांचें चित्र कोणीं काढलें नाहीं.

ऑक्लंडच्या जागीं आलेला लॉर्ड एलेनबरो हा विरुद्ध पक्षाचा. युद्ध संपवावें हें त्याचें मत पक्कें होतें. पण पराभव पदरांत घेऊन परतावें तर इंग्लंडांत काय म्हणतील, ही भीतिही तितकीच पक्की होती. या दोहोंतून ४ जुलै १८४२ चा जो हुकूम जन्मास आला तो शब्दांच्या कसरतीचा नमुना आहे. कंदहारास असलेल्या जनरल नॉटला त्यानें लिहिलें कीं, परत फिरण्याचा हुकूम कायम आहे. मात्र इच्छा असल्यास गझनी, काबूल व जलालाबाद या वाटेनें परतावें. पुण्याहून मुंबईस परतावयास निघालेल्या माणसानें वाटेंत नगर व नाशिक घ्यावें, तसाच हा प्रकार. शिवाय, यश आलें तर हुकूम देणाऱ्याचें आणि अपयश आलें तर वाट निवडणाऱ्या सेनापतीचें, अशीही त्यांत सोय होती. नॉट त्याच वाटेनें 'परतला'. दुसरीकडून जनरल पोलॉक चढून गेला आणि सप्टेंबरच्या मध्याला काबूल पुन्हां हातीं आलें. कैदी सुटले. मग काबूलचा प्रसिद्ध चार छत्ता बाजार सुरुंग लावून उडविला, इस्तालिफ गांव जाळलें व लुटलें, आणि १२ ऑक्टोबरला सैन्य कायमचें निघालें. शाह शुजाचा खून एप्रिलमध्येंच झाला होता.

एलेनबरोनें जाहीरनामा काढला तो सिमल्याहून, आणि त्यावर तारीख घातली १ ऑक्टोबर १८४२. चार वर्षांपूर्वीं ऑक्लंडनें काढलेल्या जाहीरनाम्याची हीच तारीख व हेंच ठिकाण. पूर्वीच्याचा अपमान करण्याची संधि दवडण्याइतका एलेनबरो उदार नव्हता. या जाहीरनाम्यांत मात्र कांहीं खरीं वाक्यें आहेत. झालेले अनर्थ ज्या चुकांतून उद्भवले त्या चुकाही तितक्याच अपूर्व होत्या, नाखूष प्रजेवर राजा लादणें सरकारच्या धोरणास व तत्त्वास सोडून आहे, अफगाणांनीं आपला राजा आपणच निवडावा, असें एका गव्हर्नर जनरलनें सरकारी मोहोर लावून सांगितलें. एलफिन्स्टननें चार वर्षांपूर्वीं खाजगी पत्रांत जें म्हटलें तें आतां सरकारी झालें. फरक एवढाच कीं, मधल्या काळांत हजारों माणसें मेलीं आणि दीड कोटी पौंडांच्या घरांत खर्च झाला. तो हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. ज्या रयतेला हेरात कोणत्या दिशेस आहे हें ठाऊक नव्हतें तिनें तो फेडला.

परंतु सत्य बोलण्याची संवय नसलेल्या सरकारास एकदां खरें बोलल्यावर चैन पडत नाहीं. १६ नोव्हेंबरला एलेनबरोनें हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांस उद्देशून दुसरा जाहीरनामा काढला. महमूद गझनवीच्या कबरीवरून सोमनाथाचे दरवाजे परत आणले असून आठशें वर्षांच्या अपमानाचा सूड घेतला आहे, असा त्याचा आशय. दरवाजे आले, त्यांची मिरवणूक निघाली. पण त्यांवरील नक्षीकाम मुसलमानी धाटणीचें आणि लांकूड देवदाराचें. ते सोमनाथाचे नव्हतेच. काढतेवेळींच रॉलिन्सन या जाणत्या अधिकाऱ्यास त्याचा संशय आला होता. पार्लमेंटांत मेकॉलेनें या प्रकाराची भरपूर हजेरी घेतली. ते दरवाजे सोमनाथास कधीं पोहोंचले नाहींत. आग्र्याच्या किल्ल्यांत ते आजही पाहावयास मिळतात. पराभवाची आठवण पुसण्यासाठीं देवाचें नांव वापरावयाचें, आणि तेंही खोट्या लांकडावर, हें ऑक्लंडला सुद्धां सुचलें नव्हतें.

१८४३ मध्यें दोस्त महंमदास मोकळें केलें व तो काबुलास जाऊन पुन्हां गादीवर बसला. म्हणजे ज्याला घालविण्यासाठीं युद्ध झालें त्याला परत बसवून तें संपलें. त्याच वर्षीं रोबक या सभासदानें युद्धाच्या कारणांची चौकशी व्हावी अशी सूचना पार्लमेंटांत आणली. विरोधी पक्ष आतां अधिकारावर होता, आणि ऑक्लंडची फजिती करण्याची ही नामी संधि. तरी पीलच्या मंत्रिमंडळानें सूचनेस विरोध केला. एका सरकारचीं दप्तरें दुसऱ्यानें उघडलीं तर तिसरें आपलीं उघडील, हा हिशेब दोन्ही पक्षांस सारखाच कळत होता.

खरीं पत्रें मग बाहेर आलीं कशीं? त्यांच्या नकला बर्न्सनें जपून ठेवल्या होत्या. जॉन विल्यम के या इतिहासकारानें १८५१ सालीं अफगाण युद्धाचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला, त्यांत मूळ पत्रें व छापील पत्रें यांतील अंतर त्यानें दाखवून दिलें. दोस्त महंमद व बर्न्स या दोघांच्याही चारित्र्याचा कागद कापून खून झाला, असा त्याचा रोख होता. पार्लमेंटच्या मागणीवरून संपूर्ण पत्रें सरकारनें छापलीं तीं १८५९ सालीं. कुलाब्याचें चर्च खुलें झालें तेव्हां तीं अद्याप कपाटांतच होतीं.

१९ मार्च १८६१ रोजीं डनलॉप नांवाच्या सभासदानें कॉमन्स सभेंत चौकशी समितीची मागणी केली. जॉन ब्राइट तिच्या बाजूनें बोलला. पत्रें कोणीं कापलीं, त्या माणसाचें नांव काय, एवढेंच सभागृहानें विचारावें, असें त्याचें म्हणणें. उत्तर देण्यास उभा राहिला पंतप्रधान पामर्स्टन, म्हणजे १८३९ चा परराष्ट्रमंत्री. त्याचें समर्थन थोडक्यांत असें कीं, बर्न्सचीं मतें हीं त्याचीं वैयक्तिक मतें होतीं, सरकारनें तीं मानलीं नव्हतीं, म्हणून तीं छापण्याची जरुरी नव्हती. हा युक्तिवाद ऐकण्यास सरळ वाटतो. पण ज्याचें मत मानलें नाहीं त्याचेंच नांव पुढें करून, मत उलटें दिसेल अशा रीतीनें छापण्याची जरुरी मात्र कां पडली, याचें उत्तर त्यांत नाहीं. मतें मोजलीं गेलीं: चौकशीच्या बाजूनें ४९, विरुद्ध १५९. कात्री कोणाच्या हातांत होती हें अधिकृतपणें कधींच ठरलें नाहीं. ऑक्लंड तोंवर वारला होता. १८३९ मध्यें हिंदुस्थानचें खातें संभाळणारा हॉबहाऊस याला लॉर्डकी मिळाली होती; अफगाण युद्ध आपणच केलें, असें त्यानें पूर्वीं एका समितीपुढें अभिमानानें सांगितलें होतें.

या मतदानाच्या वेळीं दोस्त महंमद काबुलांत राज्य करीतच होता. १८५५ सालीं त्यानें कंपनीशीं पेशावरास मैत्रीचा तह केला, आणि १८५७ मध्यें तो कायम करून इंग्रजांनीं त्याला दरमहा एक लाख रुपये देण्याचें कबूल केलें. त्याच वर्षीं उत्तर हिंदुस्थान पेटला. पेशावर घेण्याची इतकी सोपी संधि पूर्वीं कधीं आली नव्हती, आणि घ्यावें म्हणून त्याच्या दरबारांत आग्रहही झाला; पण अमीरानें शब्द मोडला नाहीं. १८६३ च्या उन्हाळ्यांत त्यानें हेरात जिंकलें आणि थोड्याच दिवसांत तो तेथेंच मरण पावला.